मालमाचा मान

हिशेब मांडला तर भाई मालमांना त्यातून मिळण्यासारखं होतं ते एवढंच : अर्धा नारळ, पानाचा एक विडा आणि नारळी पौर्णिमेला देवळापासून वाळूपर्यंत सगळ्या वाडीच्या पुढे चालणं. नारळ त्यांच्या परड्यात ढिगाने पडलेले असत. विडा चावायला दात नव्हते. राहिलं चालणं.

"आणि त्या चालण्यासाठी मास्तरांक जेवक बोलयल्यात?" कोळंबी सोलता सोलता रुक्मिणीबायने विचारलं.

"चालण्यासाठी नाय गो. शब्दासाठी."

"शब्दासाठी सुंगटां! बरी म्हाग पडली."

भाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला ही कला येतेच. ते पडवीत जाऊन दत्तप्रसाद मास्तरांची वाट बघत बसले.

प्रकरण असं होतं. शाळेच्या दाखल्यावर भाईंचं आडनाव काहीही असो, वाडीत त्यांचं घर मालमाचं घर. पूर्वी या घरातली माणसं गलबतं घेऊन पार मंगळूर, मुंबईपर्यंत जायची म्हणतात. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ द्यायचा तो मालमाने. त्याने दिल्याखेरीज वाडीतली एकही होडी पाण्यात जायची नाही. आजोबांनंतर वडिलांनी दिला, वडिलांनंतर भाई देत होते. यात भानगड अशी काहीच नव्हती. पण चुलत भावाचा मुलगा जितेंद्र मुंबईची नोकरी आटपून गावी आला आणि त्याने समुद्राकडे तोंड करून घर बांधलं. पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि बाहेर फलक लावला : 'मालम व्हिला'. फलक लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण थोरल्या पातीचे, थोरल्या भावाच्या वंशातले. म्हणजे मान आपला.

गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला तो झब्बा घालून, कपाळाला गंध लावून स्वतःचा नारळ घेऊन वाळूत उतरला. काकांनी एक नारळ टाकला, पुतण्याने दुसरा. त्या मोसमात लवूच्या होडीचं इंजिन दोनदा बंद पडलं आणि कुणाची तरी जाळी पाण्यातल्या खडपावर फाटली. इंजिन जुनं होतं आणि जाळी त्याहून जुनी, पण वाडीने दोष ठेवला तो दोन नारळांवर. दर्या बिचारो गोंधळलो, असं म्हणणं पडलं. मे महिन्यात चाकरमानी आले की देवळात बसून एक काय ते ठरवा, असा निकाल झाला.

भाईंना मान गमवायचा नव्हता. याचं कारण त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांचा जन्म कसालच्या एसटी स्टँडवर गेला होता. ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसायचे, वही भरायची, माईकवरून कणकवली, कुडाळ, मालवण पुकारायचं आणि दिवसभर चौकशी करणाऱ्यांना सांगत राहायचं, की तुमची गाडी लागली, तुमची गेली, तुमची यायची आहे. बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना तीनदा होडीत नेलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी बाहेर पडताच पोटातलं सगळं दर्याला वाहिलं. शेवटी वडील म्हणाले, "ह्येका एष्टीत चिकटवा." तसे ते चिकटले. मालमाच्या घरातला मालम वर्षातले सगळे दिवस जमिनीवर काढायचा, आणि फक्त एका दिवशी, गुडघाभर पाण्यात, मालम व्हायचा. तो दिवस गेला तर उरायचा निवृत्त नियंत्रक. त्याला कोण विचारतो?

दत्तप्रसाद मास्तर आले ते दोन जाडजूड कोश पिशवीत घालून. हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांना शब्द सापडला की चैन पडत नसे. आधी जेवले, मग कोश उघडला. 'मालम' शब्दाचं मूळ देवळात सांगून जितेंद्रचं तोंड बंद करायचं, असा भाईंचा बेत होता.

"भाई, शब्द आमचो नाय हां."

"म्हणजे?"

"अरबांचो. मुअल्लिम. तेचो आमी केलो मालम. मुअल्लिम म्हणजे शिकवणारो, जाणतो. गलबतार वाट जाणणाऱ्याक अरबी खलाशी तसा म्हणायचे. इल्म, तालीम, मालूम, सगळी एका मुळाची पोरां. अलम म्हणजे निशाण, ताय ह्याच घरातला."

"अरबांचो कसो?" भाई जरा खट्टू झाले. घराण्याचा शब्द संस्कृतातून निघेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"मगे खलाशी खंयचो? सुकाणू खंयचा? दर्या तरी खंयचो? होडीतले अरबी-फारशी शब्द खाली उतरवलास तर होडी मोकळीच रवात. कुणकेश्वराची गोष्ट नाय ऐकलंस? वादळात सापडलेल्या अरब व्यापाऱ्यान दिवो बघितलो, वाचलो आणि देऊळ बांधल्यान म्हणान. येयत होते रे ते. येताना शब्द घेवन इले."

भाईंनी विचार केला. अरब तर अरब. जाणता म्हणजे काही वाईट नाही. जितेंद्रला यातलं काय माहीत असणार?

"पण एक आसा," मास्तरांनी चष्मा काढला. "मालम ह्या कूळ नाय. ती नोकरी. गलबत एकाचा, माल दुसऱ्याचो, आणि वाट दाखवणारो तिसरो. मोसमापुरतो ठेवायचो. बापाच्या मागे झिलाक वाट म्हायत असली तर झिल मालम, नसली तर दुसरो कोण."

"नोकरी तर नोकरी. माझोय जन्म नोकरीतच गेलो."

मास्तर गेल्यावर रुक्मिणीबाय ताटं उचलायला आली. "ह्या देवळात सांगू नुको म्हणा मास्तरांका."

"कित्याक?"

"जाणतो तो मालम, म्हणतत. उद्या कोण तरी उठतलो आणि इचारतलो, तुमका काय म्हायत आसा? कसालची येळापत्रका?"

"गप गो. तुका ह्यातला काय कळता?"

तिला कळलं होतं. पण सांगून झाल्यावर पुन्हा सांगायची तिला सवय नव्हती. तिने ताटं घासायला घेतली.

देवळात सगळी वाडी जमली. जितेंद्रने आपल्या बाजूने वंशावळ सांगितली, मुंबईच्या मराठीत, मुद्देसूद. थोरली पाती, धाकटी पाती, आजोबांचे आजोबा. मग भाईंनी मास्तरांकडे बोट केलं आणि मास्तरांनी शब्द सांगितला. फार सुरेख सांगितला. इतका, की शेवटी ते नोकरीचंही सांगून बसले. शिक्षकाला धडा अर्धा सोडता येत नाही.

मग खांबाला टेकून बसलेली हौसाबाई बोलली. हौसाबाई मासे विकायची. तिच्या तोंडाला लागायला कणकवलीपर्यंतची गिऱ्हाइकं भीत.

"मगे झगडतास कित्याक? सोपा आसा. दोघांकय होडीत घाला. थोरल्या खडपाची वाट जो दाखयत तो मालम."

देवळात हशा पिकला. जितेंद्र हसला नाही. "चालेल," तो म्हणाला. "मोबाइलवर सगळं दिसतं."

"मोबाइल दाखयत तर नारळ मोबाइलाक देतलंव. गंध लावन," हौसाबाई म्हणाली.

आता भाईंकडे सगळ्यांचे डोळे लागले. नाही म्हणण्याची सोय त्यांनीच मास्तरांकरवी बंद करून टाकली होती. रुक्मिणीबाय बायकांत बसली होती. तिने पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं.

"येतंय," भाई म्हणाले.

थोरली खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. वरून काही दिसत नाही, पण भोवती मासा असतो. खडप शोधायची ती जमिनीवरच्या खुणांनी. पुढची एक खूण आणि तिच्या मागची एक खूण अशा एकापुढे एक येतील, तशा रेषेत होडी ठेवायची. मग बाजूला तशीच दुसरी जोडी बघायची. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतील तिथे खडप. एका जोडीने वाट मिळते, जागा मिळत नाही. नुसत्या एका जोडीवर विसंबून चाललं, तर माणूस सरळ रेषेत अरबस्तानात जायचा.

होडी लवूची होती. इंजिनावर बाबली. बाबली हा लवूचा खलाशी, मूळचा फोंडाघाटाच्या पायथ्याचा. भातशेतीवर भागेना म्हणून तरुणपणी किनाऱ्यावर उतरला आणि लक्ष्मीशी लग्न करून वाडीच्या कडेला राहिला. पंच म्हणून हौसाबाई स्वतः चढली. मास्तर दोरीला बांधलेलं शिसं घेऊन बसले. ते तळाला सोडायचं, वाळू लागली तर चुकलं, दगड लागला तर बरोबर.

जितेंद्रचा मोबाइल हौसाबाईने कमरेला खोचला होता. त्याने किनाऱ्याकडे बघितलं, हात पुढे केला, डावीकडे घ्या म्हणाला, उजवीकडे घ्या म्हणाला आणि शेवटी अगदी ठामपणे म्हणाला, "थांबा. इथेच."

शिसं खाली गेलं. वर आलं ते ओल्या वाळूने माखलेलं.

"पुळणीर बांधलंस घर, पुळणच गावली तुका," हौसाबाई म्हणाली.

आता भाई. ते तोपर्यंत दोनदा कडेवर ओणवे झाले होते आणि त्यांचा चेहरा हिरवट दिसत होता. पण त्यांना खुणा पाठ होत्या. वडिलांनी रोज संध्याकाळी वदवून घेतल्या होत्या, आणि पाठांतरात नियंत्रक कच्चा नसतो. रवळनाथाचो कळस डोंगराच्या खाचीत. एकल्या सुरूच्या झाडामागे पाटलांची कौलां.

"बाबली, जरा भायर घे. अजून. हां. आता कळस खाचीत बसलो. ह्याच रेषेत चल."

होडी रेषेत लागली. लवूने मान हलवली. म्हातारा अगदीच टाकाऊ नव्हता. भाईंनी तोंड पुसलं आणि दुसरी जोडी बघायला मान वळवली.

सुरूचं झाड नव्हतं. पाटलांची कौलंही नव्हती. तिथे तीन मजली, पांढरं काहीतरी उभं होतं, आणि त्याच्या आजूबाजूला तसलीच पांढरी तीन-चार. गावात राहून ही घरं भाईंनी रोज पाहिली होती. समुद्रातून गाव कसं दिसतं ते त्यांनी बाराव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. ते बघत राहिले. होडी रेषेवरून पुढे पुढे चालली होती.

"काय वो भाई?" लवूने विचारलं.

आता अंदाजाने थांबा म्हणता आलं असतं. जितेंद्र तसंच म्हणाला होता. शिसं वाळूत गेलं असतं, दोघंही चुकले असते, बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत मान चालत आलेल्या घरात राहिला असता. भाईंच्या डोक्यात हा हिशेब आला नसेल असं नाही. पण खिडकीमागे बसून त्यांनी एका जातीच्या माणसांचा जन्मभर तिटकारा केला होता. पाटी न वाचता, कुणालाही न विचारता, ऐटीत भलत्या गाडीत चढणाऱ्यांचा.

"बाबली," ते म्हणाले, "हयसून फुडे माका म्हायत नाय. खंय आसा खडप?"

"विचारलेलं चालणार नाही!" जितेंद्र ओरडला.

बाबलीने लवूकडे बघितलं. लवूने समुद्राकडे बघितलं. मालकाने असं समुद्राकडे बघितलं, की खलाशाने आपलं काय ते समजायचं असतं.

"फुडे गेलंव आपण," बाबली हळूच म्हणाला. "तो मोबाइलचो टावर आसा मां, तो शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे इलो की थांबाचा. झाड पडल्यापासून मी तसाच धरतंय."

त्याने होडी फिरवली. टॉवर टाकीमागे आला. मास्तरांनी शिसं सोडलं. दोरीतून हाताला ठक् असं कळलं आणि मास्तरांचा चेहरा शाळेतल्यासारखा उजळला.

किनाऱ्यावर वाडी उभी होती. हौसाबाईने निकाल दिला : भाईंनी अर्धी वाट दाखवली, जितेंद्रने काहीच नाही, सबब मान भाईंचा. लोकांनाही ते पटलं. झालं गेलं मिटलं, असं म्हणून वाडी घराकडे वळायला लागली होती.

"थांबा," वाळूत बसलेले भाई म्हणाले. अजून त्यांना उभं राहवत नव्हतं. "अर्ध्या वाटेक कोण मालम म्हणणत नाय. खडप बाबलीन दाखयली. मान बाबलीचो."

यात मन मोठं किती होतं आणि जितेंद्रला आता जन्मात मान मिळत नाही हा आनंद किती होता, ते भाईंनाही सांगता आलं नसतं. जितेंद्र तर चिडलाच. "काका, तो गावचा तरी आहे का?"

"पयलो मालम अरबस्तानातसून इल्लो," मास्तर म्हणाले. "ह्यो फोंड्यासून. बराच जवळ पडलो."

हशात ठरून गेलं. नको म्हणाला तो एकटा बाबली. "माका नुको ह्यो मान. नारळ देणाऱ्यान त्या दिवशी होडीत पाय घालूचो नाय, उपास धरूचो. मोसमाचो पयलो दिस माझो जातलो. वाटो कोण देतलो माका?"

खरं होतं. पहिल्या दिवशी जो हजर, त्यालाच वाटा. ही खलाशांची रीत. भाईंना या अटीचा कधी त्रास झाला नव्हता, कारण होडीत पाय घालायची त्यांना कुठे हौस होती?

"आणि माका एक माणूस कमी पडतलो," लवूने आपलंही सांगून घेतलं.

"मी येतंय तेच्या जाग्यार," भाई म्हणाले. "वाटो लक्ष्मीक द्या."

आता मात्र लोक पोट धरून हसले. रुक्मिणीबाय घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "झोपाळ्यार बसलास तरी तुमका उलटी जाता."

"बोललंय आता."

"तां दिसताच आसा. बोलाच्या आदी माका इचारलास?"

"तुका काय इचारूचा त्यात? मान माझो, दिलंय मी."

चुलीवर पेज होती. तिने त्यांना ती वाढली.

पौर्णिमेला सकाळी पाऊस थांबला. देवळापासून वाडी निघाली. पुढे बाबली, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून. नारळ पळून जाईल, अशी त्याला भीती असावी. मागोमाग लक्ष्मी, आरतीचं तबक घेऊन. मालमाच्या बायकोने दर्याला आणि मग एकेका होडीला ओवाळायचं, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावायचं, मग ओवाळणारीची ओटी बाकीच्या बायकांनी भरायची, अशी पद्धत. लग्न करून आली तेव्हापासून रुक्मिणीबाय ते करत आली होती. बैठकीत शब्दाचा उगम निघाला, पाती निघाल्या, अरबस्तान निघालं. हे कुणाच्या तोंडून निघालं नाही.

लवूच्या होडीत भाई बसले होते, कमरेला टॉवेल बांधून, लिंबू हुंगत. जितेंद्र पाहुण्यांना घेऊन गच्चीत उभा होता. फलकावरचं 'मालम' त्याने रंगाऱ्याकडून पुसून घेतलं होतं. आता तिथे नुसतं 'व्हिला' होतं.

बाबलीने नारळ दिला. मग सगळे थांबले, कारण लक्ष्मी थांबली होती. वाऱ्याने निरांजन विझलं होतं आणि आधी कुणीकडे ओवाळायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने मागे वळून बायकांकडे बघितलं.

मागच्या रांगेतून रुक्मिणीबाय पुढे आली. पाण्यात उतरली. पदराचा आडोसा करून तिने वात पुन्हा लावली.

"वाऱ्याक पाठ कर गो. अशी. आदी दर्याक, मगे होडयेक. कुंकू उजव्या हाताच्या बोटान. घाई करू नुको, ते थांबतत."

ती तबकाला हात न लावता लक्ष्मीच्या बाजूने चालत राहिली, एका होडीकडून दुसऱ्या होडीकडे. लवूच्या होडीपाशी भाईंनी तिला हाक मारली. तिने नाळेवरचं कुंकू सरळ लागलंय ना ते बघितलं आणि लक्ष्मीला म्हणाली, "हां, आता फुडली."

शेवटची होडी झाल्यावर बायका लक्ष्मीची ओटी भरायला पुढे झाल्या. रुक्मिणीबायनेही मूठभर तांदूळ घातले आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत हिशेब असा झाला. जितेंद्रला रंगारी लागला. बाबलीचा मोसमाचा पहिला दिवस गेला. वाटा घरी आला, पण जाळं ओढायचं राहिलं ते राहिलंच. भाईंनी पोटात होतं नव्हतं ते दर्याला दिलं आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून घरी आले. रुक्मिणीबाय तोपर्यंत आरतीचं आपलं तबक चिंचेने लख्ख घासून, पुसून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवत होती. शिडी हलत होती. धरायला कुणी नव्हतं.